पंप कुठे बसतात आणि नोटीस कुणाला येते?

खाडीपलीकडे

मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला तेव्हा त्यातली एकच ओळ सगळीकडे छापून आली: २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन. चांगलंच आहे. पण गोवंडीत पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याचं उत्सर्जन आजच नगण्य आहे. त्याला काळजी येत्या जूनची. धागा त्याबद्दल आहे. इलेक्ट्रिक बस चांगली की सीएनजी, यासाठी कृपया वेगळा धागा काढा.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. बदलत्या हवामानाशी जुळवून घेताना या शहरात कुणाला वाचवायचं हे ठरतं पात्रतेच्या यादीवरून. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर फुकट घर. २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. त्यानंतर आलात, किंवा वरच्या माळ्यावर राहत असाल, तर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नेहमीच्या नियमांत तुम्ही अपात्र. ही यादी घरं वाटण्यासाठी केलेली होती. आता पुराला, दरडीला, उन्हालाही तीच लागते.

उदाहरण मालाडचं. २ जुलै २०१९, मध्यरात्र उलटलेली. कुरारच्या पिंपरीपाडा-आंबेडकरनगर भागावर डोंगरातल्या जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली आणि तीसच्या आसपास माणसं गेली. वस्ती राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतली. उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर इथल्या अनेक कुटुंबांनी पुनर्वसनासाठी सात हजार रुपये भरले होते. १९९७ चे सात हजार, हेही लक्षात घ्या. भिंत पडली तेव्हाही ती कुटुंबं घराची वाटच बघत होती. ही माणसं धोक्यात आहेत हे सरकारदरबारी माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

दुसरं उदाहरण अजून घडायचंय. धारावीच्या पुनर्विकासात जे अपात्र ठरतील त्यांच्या भाड्याच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची मिळून सुमारे २५६ एकर मिठागरं द्यायचं २०२४ मध्ये ठरलं. देवनार डम्पिंगच्या जागेचंही नाव पुढे आलं. मिठागर म्हणजे भरतीचं पाणी आत घेण्यासाठीच राखलेली सखल जमीन. तिथे भराव टाकला की ते पाणी शेजारच्या वस्तीत शिरणार. आणि राहायला जाणार कोण? जो धारावीत पाणी उपसून आलाय तोच.

मुलुंडकर

मिठागरांवर घरं नकोत, इथपर्यंत सहमत. मुलुंड स्टेशनवर सकाळी पाय ठेवायला जागा नसते, त्यात अजून हजारो कुटुंबं आणणार.

बाकीचं मात्र पटलं नाही. नाल्यावर झोपडी बांधायची, नाला तुंबवायचा आणि पूर आला की भरपाई मागायची. आम्ही मालमत्ता कर भरतो, मेंटेनन्स भरतो, गाडी बुडाली तर विमावाल्याशी भांडतो. न्याय आमच्या वाट्याला कधी येणार? मे महिन्यात नालेसफाई चालू असताना एकदा उभं राहून बघा काय काय निघतं. गाद्या, थर्माकोल, फ्रीजची दारं. हे काय बीकेसीतून, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून, वाहत येतं?

जुना_अभियंता

बीकेसीतून गाद्या येत नाहीत, खरं आहे. पण बीकेसी स्वतः कुठे उभं आहे ते बघू.

मिठी नदी निघते विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून, सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळासाठी तिला चक्क काटकोनात वळवली. मुखाजवळ दलदल होती, तिवरं होती, भरतीचं पाणी पसरायला जागा होती. तिथे भराव टाकून संकुल उभं केलं. हे सगळं रीतसर, मंजूर नकाशांवर, सह्या-शिक्क्यांनिशी झालं. झोपड्या उरलेल्या पट्टीवर आल्या. त्यांनी नदी अजून अरुंद केली, नाकारत नाही. पण २००५ नंतर रुंदीकरणासाठी काठ मोकळा करायची वेळ आली तेव्हा धावपट्टी हलली नाही, संकुल हलणं शक्यच नव्हतं. हलल्या त्या झोपड्या.

आकड्यांचा भाग लवकर उरकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस, कुलाब्याला त्याच दिवशी ७४ च्या आसपास, वर दुपारी ४.४८ मीटरची भरती. आपल्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधलेल्या, तोही ओहोटी असताना. समुद्रात उतरणारी बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हणजे भरती आणि पाऊस एकत्र आले की समुद्रच उलटा आत येतो. या वाहिन्यांची क्षमता दुप्पट करा असं सांगणारा, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ चा. तो हलला २००५ च्या प्रलयानंतर.

त्यात आठ पंपिंग स्टेशनं होती. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध झाली. माहूल आणि मोगरा जागेच्या आणि परवानग्यांच्या घोळात वर्षानुवर्षं अडकली. माहूलचे पंप कुर्ला, चेंबूर, सायन, किंग्ज सर्कल या पट्ट्यातलं पाणी काढणार होते. आता यात कुणी बसून 'गरिबांना बुडवू' असं ठरवलं होतं का? अजिबात नाही. मोगऱ्यावर अंधेरीचा भुयारी मार्ग अवलंबून आहे, तिथे गाड्यावालेही अडकतात. पण काम कुठे अडलं की कुणाच्या झोपा उडतात आणि कुठे अडलं तर फक्त फाईल जाड होते, हा फरक मी नोकरीत जवळून बघितलाय. हिंदमाता हा दादर-परळचा हमरस्ता. तिथे पंप पुरेनात म्हटल्यावर प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या खोदल्या. कल्पना उत्तम. तशी टाकी कुर्ल्याच्या एखाद्या मैदानाखाली का नाही, एवढं विचारा.

रिकामटेकडा

१९ ऑगस्ट २०२५. मोनोरेल अडकली म्हणून सगळ्या वाहिन्यांवर क्रेन, काचा, घामाघूम प्रवासी, तज्ज्ञ, ग्राफिक्स. त्याच पावसात मिठी वाढली म्हणून कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधली माणसं शाळेत हलवली. ती बातमी खालच्या पट्टीत, सोन्याच्या भावाच्या शेजारी.

तळमजला

मी मिठीच्या काठावर वाढलो. आईवडील अजून तिथेच आहेत. वस्तीचं नाव देत नाही, उगाच कुणाला त्रास नको.

आमच्याकडे प्लगचे बोर्ड छातीच्या वर. फ्रीज लोखंडी टेबलावर, त्यामुळे आईला वरचा कप्पा स्टुलावर चढल्याशिवाय दिसत नाही. सिलिंडरला साखळी, कारण तो तरंगतो आणि नळी ताणली जाते. कागद मात्र सगळ्यात वर: रेशनकार्ड, जुनं वीजबिल, मतदारयादीचा उतारा, सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या अँगलला टांगलेलं. जून ते सप्टेंबर ती पिशवी खाली येत नाही. २००५ ला शेजारच्या काकूंची पत्र्याची पेटी गेली. पुढे सर्व्हे झाला तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. माणसं समोर उभी, घर समोर उभं, चाळीतले सगळे साक्षीला, तरी अपात्र. खाडीपलीकडे यांनी पात्रतेचं लिहिलंय म्हणून हे सांगितलं. पुरात आधी कागद जातो.

शाळेत नेतात ते चांगलं आहे, खिचडी मिळते, डॉक्टर येतात, लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या देतात. पण बाप कधीच येत नाही, घराला कुलूप लावलं तरी मागे कुणीतरी लागतंच. आई जाते आणि दिवसभर पाणी पीत नाही, कारण एवढ्या बायकांना दोन संडास. हे वर्षानुवर्षं तसंच आहे. शाळा ठरलेली, वस्ती ठरलेली, पाऊस कधी येणार तेही साधारण ठरलेलं. मग मे महिन्यात चार फिरते संडास आणून ठेवायला काय लागतं?

पंचनाम्याचं तर विचारूच नका. पाणी पाच-सहा तासांत उतरतं. चिखल त्याच रात्री बादल्यांनी बाहेर काढावा लागतो, नाहीतर झोपणार कुठे? पंचनामा करणारा चार दिवसांनी आला आणि म्हणाला, घर तर स्वच्छ दिसतंय.

मुलुंडकर, गाद्यांचं सांगतो. पुरात भिजलेली कापसाची गादी वाळत नाही, सडते. कचऱ्याची गाडी ती घेत नाही. आमच्या गल्लीत गाडी शिरतच नाही. ती गादी कुठे जाते ते तुम्ही बघितलंच आहे.

सावली

तळमजला, शेवटचा परिच्छेद वाचून गप्प बसले.

मी उन्हाबद्दल लिहिते, कारण पुराचे निदान फोटो निघतात. हवामान खात्याच्या निकषात किनारपट्टीवर तापमान ३७ अंशांच्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं की उष्णतेची लाट. मुंबईत पारा ३५ वर असतो आणि दमट हवेने जीव नकोसा होतो. लाट जाहीर होत नाही, पण पत्र्याखाली बसून शिलाई किंवा खाकरे लाटणाऱ्या बाईचं काम दुपारी १२ ते ४ बंद पडतं. तिला नगावर पैसे. ती ते काम रात्री भरून काढते, पत्रा मध्यरात्रीपर्यंत गरमच असतो. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला मैदानात बसलेल्या चौदा माणसांचे उष्माघाताने बळी गेले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. घरात बसून आजारी पडणाऱ्यांची नोंदच होत नाही, दवाखान्यात 'चक्कर, अशक्तपणा' लिहितात.

आणि झोपडीतून इमारतीत गेलं की सुटलो, असंही नाही. गोवंडीची नटवर पारेख कंपाउंड पाहिलेल्यांना माहीत असेल. सात मजली इमारती, दोन इमारतींमध्ये तीनेक मीटर अंतर. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी अंतराचे नियम सैल केले ना, त्याचा परिणाम. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो, वारा नाही. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासात दिसलं की जिथे ऊन आणि हवा कमी तिथे क्षयरोग जास्त. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी म्हणून लोकांना अशाच इमारतींत हलवणार असाल तर त्या घरात मे महिन्यातली रात्र काढून बघा आधी.

करता येण्यासारखं भरपूर आहे. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवली. 'सेवा' या कामगार बायकांच्या संघटनेने कष्टकरी बायकांसाठी उन्हाचा विमा काढला. ठरलेल्या तापमानाच्या वर पारा गेला की पैसे थेट खात्यात, पंचनामा नाही, पुरावा नाही. तळमजला यांच्या पंचनाम्यावर मला हेच सुचतं. पर्जन्यमापक यंत्रं शहरभर बसवली आहेत. अमुक तासात अमुक पाऊस पडला आणि भरती इतकी होती, तर या गल्लीत पाणी शिरलंच असणार, हे यंत्रावरून कळतं. माणूस कशाला पाठवायचा?

साक्षांकित

सावली, मुद्दा मोलाचा आहे, आणि तो नियमांच्या विरोधात जातो म्हणून अजून मोलाचा. आपली मदतीची पद्धत गावातल्या पुरावर बेतलेली आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा 'दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली' असल्याची अट घालून धान्यवाटपाचा शासन निर्णय निघाला होता, त्यावर केवढा गदारोळ झाला आठवत असेल. तसल्या मोजपट्टीत मुंबईतला सहा तासांचा पूर बसत नाही. सहा तासांत गादी, पीठ, शिलाई मशीनची मोटर आणि पोरांची दप्तरं जायची ती जातात.

मुलुंडकरांच्या 'अनधिकृत'बद्दल. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. (त्याच निकालात फूटपाथवरून हटवायला परवानगीही दिली, हे सांगायला लोक विसरतात.) डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर अनधिकृत असलं म्हणून पाणी नाकारता येत नाही. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये वाचला. कलम १४ म्हणजे समानता. त्याच परिणामांचा फटका एका वस्तीला जास्त बसत असेल तर तो समानतेचा प्रश्न आहे, असं तिथे म्हटलंय. हे हत्यार अजून मुंबईत कुणी नीट चालवलेलं नाही.

माहूल विसरू नका. तानसा जलवाहिनीलगतची घरं सुरक्षेसाठी पाडली आणि माणसं माहूलला, रिफायनऱ्यांच्या कुशीत, पाठवली. तिथली हवा आरोग्याला धोकादायक असल्याचं हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या. पाइपलाइन वाचली, माणसं धुरात. धोक्यातून बाहेर काढतोय म्हणून कुणी दाराशी आलं की 'कुठे नेताय' हा पहिला प्रश्न हवा.

डोलकाठी

आमचा कोलीवाडा कुणाच्या यादीत आहे? आम्ही झोपडपट्टी नाय आणि सोसायटीही नाय.

वरळीला कोस्टल रोडच्या दोन खांबांमधून होड्या जायच्या तर जागा हवी. आमच्या लोकांनी १६० मीटर मागितले, आराखड्यात होते ६० च्या आसपास. वाऱ्यात होडी सरळ रेषेत जात नाही, ती बाजूला ढकलली जाते, हे ऑफिसात बसून कळत नाही. भांडून भांडून डिसेंबर २०२२ ला १२० मीटर कबूल झाले, मधला एक खांब काढून. आधी विचारलं असतं तर कागदावरच काढला असता.

तौक्ते चक्रीवादळ आलं १७ मे २०२१ ला, कुलाब्याला वारा ताशी ११४ किलोमीटर. भरपाईचे निकष होडी आणि जाळ्यांचे. होडी नवऱ्याच्या नावावर. बांबूवर टांगलेले बोंबील आणि जमिनीवर पसरलेला जवला बायकोचा, तिने उधारीवर घेतलेला. त्याला रकानाच नाय. आता तर वादळ लागत नाही, अवकाळी पावसाची एक सर आली की सुकत घातलेला माल काळा पडतो. दर्याचं बघून घेऊ आम्ही, पण सुकी मासळी ठेवायला छप्पर असलेला एक ओटा द्या म्हणून किती वर्षं सांगायचं?

मुलुंडकर

वाचतोय सगळं. गादीचा मुद्दा मान्य, मोठा कचरा उचलायची सोय आमच्याकडे फोनवर होते, ती तिथे का होत नाही हे विचारायला हवं.

पण पैशाचं कुणी बोलत नाही. भिंत, पंप, टाक्या, विमा, रंग, ओटे. हे कुठून आणायचे? आणि सगळ्यांना पात्र केलं तर उद्या नवीन झोपड्या उभ्या राहतील, याला काय उत्तर?

अवांतर: आमच्या सोसायटीचा वॉचमन बेसमेंटमध्ये पंपरूमच्या शेजारी झोपतो. गेल्या पावसात तिथे कमरेएवढं पाणी होतं. तो कुठल्याच वस्तीत मोडत नाही. त्याला कुठल्या यादीत घालणार?

खाडीपलीकडे

मुलुंडकर, वॉचमनची यादी तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत होते. त्याला पहिल्या मजल्यावर खोली द्या, ठराव करा, इथे टाका.

पैशाचं. २०२४-२५ पासून महापालिका हवामान अर्थसंकल्प वेगळा काढते, म्हणजे कशावर किती हे बघायची सोय झाली आहे. आता प्रश्न तो खर्च वॉर्डनिहाय कुठे जातो हा. भरतीच्या भिंती आणि पंप यांच्या तुलनेत छपराचा रंग, संडास, ओटा, मैदानाखालची टाकी ही कामं स्वस्त आहेत. स्वस्त असल्यामुळेच मागे राहतात असा माझा संशय आहे. त्यांची मोठी निविदा निघत नाही.

सगळ्यांना मालकीची घरं द्या असं मी म्हणत नाहीये. घर आणि जीव या दोन फाईली वेगळ्या करा, एवढंच. घर कुणाला द्यायचं यावर कट-ऑफ ठेवा, भांडा, कोर्टात जा. पण डोंगराखालची भिंत बांधताना, शाळेत नेताना, गोळ्या वाटताना, बुडालेल्या पिठाचे पैसे देताना २००० सालचं वीजबिल मागायचं नाही. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात एकाच रात्री दरड आणि भिंती कोसळल्या. त्या खोल्यांत पात्र-अपात्र शेजारी-शेजारीच झोपलेले होते.

आणि विचारायचं कुणाला, हाही प्रश्नच. मार्च २०२२ मध्ये आराखडा आला त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली. पुढची कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार. आराखड्यातल्या कलमांवर वस्तीत येऊन उत्तर देईल असं निवडून आलेलं माणूसच नव्हतं.

जुना_अभियंता

साक्षांकित, माहितीच्या अधिकारात काय मागायचं ते इथे लिहाल का? लोक 'पुराची सर्व माहिती द्यावी' असा अर्ज करतात आणि मग 'माहिती विस्तृत असल्याने' असं उत्तर येतं.

साक्षांकित

लिहितो. वॉर्डाचं नाव घालून इतकंच मागा: पाणी साचणाऱ्या ठिकाणांची चालू यादी, दरडप्रवण ठिकाणांची यादी आणि त्यातल्या कोणत्या ठिकाणी संरक्षक भिंतीचं काम मंजूर आहे, तात्पुरत्या निवाऱ्याच्या शाळा, प्रत्येकी किती माणसांची सोय आणि किती संडास, मागच्या पावसाळ्यात किती पंचनामे झाले आणि किती जणांना मदत मिळाली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवस. आत्ता अर्ज केला तर पावसाच्या आत उत्तर येतं आणि अपिलाला वेळ राहतो. पंचनाम्यांचा प्रश्न महसूल खात्याकडे वेगळा द्या, नाहीतर इकडून तिकडे टोलवतात.

तळमजला

अजून एक घाला. नाल्यातून काढलेला गाळ काठावर ढीग करून सुकायला ठेवतात, तो किती दिवसांत उचलायचा असं कंत्राटात लिहिलंय, ते. आमच्याकडे पहिल्या पावसात तो सगळा परत नाल्यात गेला.

मुलुंडकर

तो गाळ आमच्याही नाल्याच्या कडेला तसाच पडून असतो. अर्ज मीच टाकतो, आमच्या मुलुंडच्या टी वॉर्डाचा. तुमच्या वॉर्डाचा नमुना इथेच डकवा.